वायर बदलली, बोर्ड बदलला, मुंग्या तशाच: कोल्हापुरातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

वॉशिंग मशीनला हात लावला की विजेच्या मुंग्या येत, असं हे घर कोल्हापुरात पंचगंगेच्या बाजूच्या एका जुन्या पेठेतलं. पेठेचं नाव देत नाही, आणि माणसं ओळखू येतील असे तपशीलही बदलले आहेत. विजेचा भाग मात्र घडला तसाच ठेवला आहे. काम माझ्या ओळखीच्या एका परवानाधारक वायरमनने केलं. तपासणीच्या वेळी मी सोबत होतो.

घरात सासूबाई, मुलगा, सून आणि दोन शाळकरी नातवंडं. मुलगा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पाळीवर जातो. खालच्या मजल्याचं वायरिंग लाकडी पट्टीवरचं, साधारण चाळीस वर्षांपूर्वीचं. वरचा मजला नंतर चढवला, त्यामुळे तिथे भिंतीत पाइप टाकून केलेलं नवं काम. मीटरशेजारी चिनी मातीचे दोन किटकॅट फ्यूज, एक फेजला (वीज आणणाऱ्या तारेला) आणि एक न्यूट्रलला (वीज परत नेणाऱ्या तारेला). जुन्या घरांत ही जोडी अजून सर्रास दिसते, आणि ती किती वाईट हे पुढे येईलच.

२०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत खालच्या मजल्यात पाणी शिरलं होतं. पाणी उतरल्यावर घरच्यांनी गाळ काढला, स्विचबोर्ड बदलले, भिंतींना रंग दिला. अर्थिंगची तार मागच्या बोळात, जोत्याच्या उंचीवर होती. तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. दिवा लागला, पंखा फिरला, म्हणजे वीज नीट आहे असंच सगळे धरून चालतात.

वॉशिंग मशीन आधी वर होतं. पुढून दार असलेलं, पाणी गरम करणारं, सुमारे २००० वॉटचं. वर त्याला मोठ्या पिनचा १६ अँपिअरचा पॉइंट होता. पण वरच्या नळाला दाब नाही आणि टाकी वेळेवर भरेना, म्हणून मशीन खाली, जिन्याखाली मोरीशेजारी आणलं. पाण्याचा प्रश्न सुटला. वीज मात्र तिथून चार-पाच मीटरवर, तीही लहान पिनच्या ६ अँपिअरच्या बोर्डावर.

अडचण कशी वाढत गेली

मुलाने लक्ष्मीपुरीतून तयार एक्स्टेन्शन बोर्ड आणला, आणि मोठी पिन लहान सॉकेटात बसावी म्हणून एक कन्व्हर्टर. वायर लांब होती, उरलेली गुंडाळून मशीनमागे टाकली. कपडे धुतले जाऊ लागले.

काही आठवड्यांनी जिन्याखाली जळका वास येऊ लागला. वास पाणी गरम होत असतानाच यायचा, एरवी नाही, म्हणून तो साबणाचा असेल असं ठरलं. मग एके दिवशी कन्व्हर्टर सॉकेटात वितळून चिकटला. फ्यूज उडाला नाही, आणि किटकॅटमध्ये तर कुणीतरी कधीतरी जाड तांब्याची तार भरून ठेवली होती.

गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याने जळालेला भाग कापला, एक्स्टेन्शनला नवी पिन लावली आणि उंदराने कुरतडलेल्या जागी वायर पिळून टेप गुंडाळला. हिरवी वायर तोकडी पडत होती, ती त्याने कापून आत दुमडून टाकली. सुनेने विचारलं तेव्हा उत्तर मिळालं, "वहिनी, अर्थिंग नसलं तरी मशीन चालतंय की." चालत होतं, यात शंका नाही.

पावसाळा लागला. फरशी ओली राहू लागली आणि मशीनच्या दाराला हात लावला की मुंग्या येऊ लागल्या. सासूबाईंनी यावर आपला उपाय काढला. "मी पाटावर हुभा राहून लावतो, मग न्हाई मारत," त्या म्हणाल्या. शेजारणीने धीर दिला, "लै मनावर घेऊ नका काकी, आमचं पण मारतंय." सुनेला मात्र मुलांची काळजी होती. तिच्या सांगण्यावरून नवऱ्याने एक्स्टेन्शन पुन्हा बदलला, या वेळी महागातला, जाड वायरचा. मुंग्या तशाच राहिल्या. मग मशीनच बिघडलंय असं ठरलं आणि नवीन घेण्याची बोलणी सुरू झाली. "आत्ती, आधी कुणाला तरी दाखवू या," असं सून म्हणाली, आणि त्यातून हे काम वायरमनकडे आलं.

तपासणीत काय निघालं

वायरमनने पहिल्यांदा मशीन बंद करून प्लग काढायला लावला आणि फेकून न दिलेला जुना एक्स्टेन्शन मागवला. जळालेली वस्तू बरंच काही सांगते, ती टाकून देऊ नये. वायरवर आकार, आयएसआय खूण, कंपनी, काहीच छापलेलं नव्हतं. आतली एक तार ब्लेडने खरवडली तर तांबूस मुलाम्याखाली पांढरं निघालं. म्हणजे तांब्याचा लेप दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा विद्युतरोध तांब्याच्या साधारण दीडपटीहून जास्त असतो, आणि स्क्रूखाली ते दबून सैल पडतं.

तरीही वायर मधोमध जळालेली नव्हती. जळालं होतं टोकाला. याचा हिशोब सोपा आहे. २००० वॉट भागिले २३० व्होल्ट, म्हणजे सुमारे ८.७ अँपिअर. सॉकेटची पाती सैल होऊन तिथे अर्धा ओहम जरी रोध आला, तरी ८.७ चा वर्ग गुणिले ०.५, म्हणजे जवळपास ३८ वॉट उष्णता त्या एका पिनेवर. रेडिओ दुरुस्तीवाल्याचं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतं. ते प्लास्टिकच्या सॉकेटात खुपसून तासभर ठेवावं तसा हा प्रकार. ६ अँपिअरच्या सॉकेटातून ८.७ अँपिअर ओढले, त्यात मध्ये कन्व्हर्टर म्हणजे सैल होणारी आणखी एक जागा. जाड वायरचा एक्स्टेन्शन आणून यातलं काही बदलत नव्हतं, कारण भिंतीतलं सॉकेट तेच होतं.

नंतर मुंग्यांचा शोध. टेस्टर मशीनच्या पत्र्याला लावला तर त्यातला दिवा लागला. इथे बहुतेक जण थांबतात आणि "मशीनमध्ये करंट उतरलाय" म्हणतात. पण टेस्टरचा निऑन दिवा अगदी किरकोळ प्रवाहावरही लागतो, त्यावरून धोका किती ते कळत नाही. मल्टिमीटरने पत्रा आणि न्यूट्रल यांच्यामध्ये ११० व्होल्टच्या आसपास दाखवले. हा आकडा पाहून वायरमनच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, घरच्यांच्या चेहऱ्यावरचा वाढला.

निम्मा व्होल्टेज दिसणं ही ओळखीची खूण आहे. आधुनिक मशीनमध्ये विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फिल्टर असतो. त्यातला एक कपॅसिटर फेजपासून पत्र्याला आणि एक न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेला असतो. अर्थिंग जोडलेलं असेल तर त्यातून झिरपणारा एखाद-दुसरा मिलिअँपिअर मुकाट जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेलं असेल तर पत्रा दोघांच्या मधोमध लोंबकळतो आणि ओल्या हाताला मुंग्या येतात. खात्रीसाठी पत्रा आणि न्यूट्रल यांमध्ये बल्ब लावला. बल्ब अजिबात पेटला नाही आणि व्होल्टेज कोसळला. मग ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) फेज-न्यूट्रल एकत्र करून पत्र्याशी तपासलं, हीटरसकट. इन्सुलेशन उत्तम. मशीन निर्दोष होतं. नवं मशीन आणलं असतं तर तेही पहिल्याच दिवसापासून "मारलं" असतं.

याचा अर्थ घर सुरक्षित होतं असा नाही. पाणी गरम करणारी कॉइल आज ना उद्या ओल धरते. अर्थिंग तुटलेलं असताना ती फुटली असती तर पत्र्यावर पुरे २३० व्होल्ट आले असते, आणि खाली ओली फरशी.

शेवटी भिंतीतला पॉइंट. फेज आणि अर्थिंग यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प लावला, तो काळाच राहिला. मागच्या बोळात जाऊन पाहिलं तर अर्थिंगची जी.आय. (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार जोत्यापाशी गंजून पार तुटलेली. गाळाच्या रेषेबरोबर. म्हणजे दुरुस्तीवाल्याने हिरवी वायर कापली नसती तरी ती जोडली जात होती ती कशालाच नाही. शिवाय बोर्डातला स्विच फेजऐवजी न्यूट्रल तोडत होता. स्विच बंद असला तरी मशीनच्या आत फेज हजर.

कोणते पर्याय समोर होते

पाट आणि रबरी चप्पल हा सासूबाईंचा पर्याय. तो फक्त सावध माणसाला वाचवतो, मोरीतून ओल्या पायाने येणाऱ्या नातवाला नाही.

दुसरा पर्याय मुलाच्या कारखान्यातल्या सहकाऱ्याने सुचवलेला: सॉकेटातच अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडून टाकायची. टेस्ट लॅम्प पेटतो, मुंग्या थांबतात, खर्च शून्य. मला स्वतःला जुन्या घरांतला सगळ्यात भयंकर जुगाड हाच वाटतो. या घरात न्यूट्रललाही फ्यूज होता. तो उडाला किंवा न्यूट्रल कुठेही सुटला, की मशीनमधून फिरून आलेला फेज थेट पत्र्यावर. मशीन बंद पडलेलं दिसतं, माणूस काय झालं म्हणून हात लावतो, आणि तेव्हाच ते सगळ्यात घातक असतं. वायरमनने हे सांगितल्यावर मुलगा पुन्हा त्यावर बोलला नाही.

तिसरा, नळाच्या पाइपला तार बांधणं. मोरीतला पाइप पीव्हीसीचा, म्हणजे ती तार नुसती शोभेची. आणि लोखंडी पाइप असता तर आपला दोष शेजारच्या नळावर पाठवल्यासारखं झालं असतं.

चौथा पर्याय मशीन परत वर नेण्याचा. विजेच्या दृष्टीने वाईट नव्हता, पण वरच्या पॉइंटचं अर्थिंगही त्याच तुटलेल्या तारेवर होतं. हे कळल्यावर हा पर्याय आपोआप मागे पडला.

उरला तो खर्चाचा मार्ग: नवं अर्थिंग, जिन्याखाली स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट, आणि आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच. पूर्ण घराचं वायरिंग बदलायला पैसे नव्हते. म्हणून खालचा मजला आत्ता आणि वरचा नंतर असं ठरलं. या अर्ध्या निर्णयाने पुढे त्रास दिला, पण निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही.

काय केलं

मागच्या बोळात, भिंतीपासून दीड मीटर सोडून, नवा अर्थिंगचा पाइप गाडला. नदीकाठची ओलसर जमीन, त्यामुळे अर्थ टेस्टरवर रोध पाच ओहमच्या आत आला. तार तांब्याची घेतली आणि तिचा जोड गाळाच्या जुन्या रेषेच्या बराच वर, दिसेल अशा जागी ठेवला.

दोन्ही किटकॅट गेले. न्यूट्रलला फ्यूज ठेवलाच नाही. नव्या डीबीतून (वीज वाटणाऱ्या पेटीतून) जिन्याखाली २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, १६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह प्रमाणाबाहेर गेला की आपोआप पडणारा स्विच), आणि मोरीच्या शिंतोड्यांपासून लांब, उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर पॉइंट. मशीनची वायर थोडी खाली झोळ देऊन मग वर नेली, म्हणजे पाणी ओघळलं तर प्लगमध्ये न जाता खाली ठिबकेल. जुन्या ६ अँपिअरच्या बोर्डाचा स्विच फेजवर घेतला.

मशीनच्या स्वतःच्या वायरचा साचेबंद प्लगही उष्णतेने पिवळा पडला होता. पूर्ण वायर बदलायची की टोक कापायचं? वायर १.५ चौरस मिलिमीटरची, तीन कोरची, चांगली होती. तांबं चकचकीत आणि इन्सुलेशन मऊ लागेपर्यंत वितभर कापली. पॉइंट आता जवळ असल्याने लांबी पुरत होती, म्हणून नवी पिन टॉप, म्हणजे स्क्रूने जोडायचा प्लग, बसवली. हे काम घरातही लोक करतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पिन टॉप आयएसआय खुणेची, भरीव पितळी पिनांची आणि वायर आवळणारी पट्टी असलेली घ्यावी. तपकिरी वायर फेजला, निळी न्यूट्रलला, हिरवी-पिवळी अर्थिंगच्या जाड पिनेला. जुन्या वायरींत हेच लाल, काळी, हिरवी असं असतं. हातात अनोळखी वायर असेल तर रंगावर विसंबू नये, मीटर लावून दोन्ही टोकं पडताळावीत. आतमध्ये अर्थिंगची वायर बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवायची. वायरला हिसका बसलाच तर आधी फेज सुटावा, अर्थिंग सगळ्यात शेवटी. जाड पिन लांबही असते ती याच कारणाने: आत जाताना अर्थिंग आधी जोडलं जातं, बाहेर येताना शेवटी सुटतं. तारांची टोकं पिळून दुमडावीत आणि मग स्क्रूखाली द्यावीत. एकही केस बाहेर राहता कामा नये. काही जण टोकाला कथील लावतात. दिसायला छान, पण कथील स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू सरकतं आणि पकड ढिली होते. आवळपट्टी वायरच्या बाहेरच्या आवरणावर बसली पाहिजे, आतल्या नाजूक वायरींवर नाही. दुरुस्तीवाल्यांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच होतं.

आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा घेतला, फक्त खालच्या मजल्यासाठी. एमसीबी असताना हा खर्च कशाला, असं मुलाने विचारलंच. त्याला दाखवलेला हिशोब असा: समजा काही वर्षांनी अर्थिंगचा रोध वाढून २० ओहम झाला. फेज पत्र्याला टेकला तर २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी ढिम्म हलणार नाही आणि पत्रा जिवंत राहील. आरसीसीबीला मात्र ३० मिलिअँपिअरची गळती पुरते.

संध्याकाळी दिवे लावले आणि आरसीसीबी उडून खालचा मजला अंधारात. पुन्हा चालू केला, पुन्हा उडाला. मुलगा वैतागला, "काढून टाका ते, आधी बरं हुतं." अशा वेळी अनेक ठिकाणी आरसीसीबी बायपास होतो आणि डीबीत नुसता शोभेला राहतो. वायरमनने एकेक दिवा लावून पाहिला. दोषी निघाला जिन्यातला ९ वॉटचा एलईडी. त्याचा फेज खालच्या मजल्यावरून येत होता आणि न्यूट्रल वरच्या मजल्यावरून उसना घेतलेला. जिन्याच्या दोन्ही टोकांना स्विच देताना अशी उसनवारी होते. ९ वॉट म्हणजे सुमारे ४० मिलिअँपिअर. तेवढा प्रवाह आरसीसीबीतून जातो आणि दुसऱ्याच वाटेने परततो. त्याच्या दृष्टीने ती गळतीच. जिन्याच्या दिव्याचा न्यूट्रल खालून ओढला आणि तक्रार संपली.

निकाल

मशीन नव्या पॉइंटवर पूर्ण गरम धुलाईचं चक्र चालवून लगेच पिन टॉपला हात लावून पाहिला. कोमट, त्याहून जास्त नाही. पत्रा आणि अर्थिंग यांच्यामध्ये व्होल्टेज जवळजवळ शून्य. मुंग्या गेल्या. कन्व्हर्टर आणि टेपचा जोड असलेली वायर घरातून बाहेर काढली.

महिन्यातून एकदा आरसीसीबीचं "टी" बटण दाबायचं काम सुनेकडे आलं. त्याने फक्त आरसीसीबीची यंत्रणा चालते का तेच कळतं, अर्थिंग शाबूत आहे की नाही ते नाही, हेही तिला सांगून ठेवलं आहे. नदी इशारा पातळीच्या, म्हणजे ३९ फुटांच्या वर गेली की खालच्या मजल्याचा मेन बंद करायचा आणि पाणी आत येऊन गेल्यास अर्थिंगचा जोड तपासून घेतल्याशिवाय तो चालू करायचा नाही, असंही ठरलं.

वेगळं काय करता आलं असतं

मशीन हलवायचं ठरलं त्याच दिवशी, नळाबरोबर पॉइंटचाही विचार व्हायला हवा होता. कन्व्हर्टर हातात घ्यावा लागला, तिथेच थांबायचं होतं. मोठी पिन लहान भोकात जात नाही, ही अडचण मुद्दाम करून ठेवलेली आहे.

पहिल्या वासाला सॉकेट उघडून पाहिलं असतं तर नुकसान एका सॉकेटाइतकंच राहिलं असतं. त्याऐवजी वायरमागून वायर बदलत गेली, कारण वायर डोळ्यांना दिसते आणि भिंतीतलं काही दिसत नाही. दुरुस्तीवाल्याला मी सगळा दोष देणार नाही. त्याला पिन लावायला बोलावलं होतं, त्याने पिन लावली. पण हिरवी वायर कापली हे त्याने आपणहून सांगायला हवं होतं, आणि तोकडी वायर म्हणजे नवी वायर, एवढं घरच्यांनी ऐकून घ्यायला हवं होतं.

तात्पुरता एक्स्टेन्शन लागलाच असता, तर तीन कोरची, १.५ चौरस मिलिमीटरची, आकार छापलेली तांब्याची वायर आणि दोन्ही टोकांना १६ अँपिअरची पिन आणि सॉकेट, तेही १६ अँपिअरच्या पॉइंटवरच. जुन्या दुकानदारांकडे गेलात तर ते "चाळीस-शहात्तर देऊ का?" म्हणतील. म्हणजे ०.००७६ इंच जाडीच्या चाळीस तारा, साधारण १.२ चौरस मिलिमीटर. इस्त्रीला ती भरपूर, हीटरच्या मशीनला अपुरीच धरावी. वायर गुंडाळून ठेवायची नाही, सगळी उलगडून ठेवायची, कारण वेटोळ्यात उष्णता कोंडते. आणि मध्ये टेपचा जोड नको.

आरसीसीबी बसवण्याआधी दोन्ही मजल्यांचे न्यूट्रल वेगळे आहेत का, हे वायरमनने तपासून घेतलं असतं तर त्या संध्याकाळचा वैताग वाचला असता. हे त्यालाही मान्य आहे. अर्धं घर आरसीसीबीवर आणि अर्धं बाहेर असेल तेव्हा जिन्याचा दिवा पहिल्यांदा पाहावा.

वरच्या मजल्याचं काम दिवाळीनंतरवर गेलं आहे. तोपर्यंत वरचा गिझर नव्या अर्थिंगला जोडलाय, पण आरसीसीबीच्या बाहेर आहे, म्हणून अंघोळीआधी पाणी तापवून स्विच बंद करायचा असं घरात ठरलंय. नातवंडं ते पाळत नाहीत, अशी सुनेची तक्रार आहे. त्यामुळे बहुधा काम दिवाळीच्या आधीच होईल.